अवमानाच्या शिक्षेवर अपील : इनामगावातून निघताना

हातात पडलेला आदेश पहिल्या पानापासून वाचत बसू नका. आधी शेवटचं पान काढा. तिथे दोन-चार परिच्छेदांत कोर्टाने नेमकं काय करायला सांगितलं आहे ते असतं. अपील आहे की नाही, असेल तर कुठे आणि किती दिवसांत, हे तिथेच ठरतं. आधीच्या वीस पानांत न्यायाधीशांनी तुमच्याविषयी कितीही कडक लिहिलेलं असो, अपील त्या शेरेबाजीवर होत नाही.

घटस्फोटानंतर पोटगी थकली, तडजोडीतला हप्ता चुकला, ठरलेल्या रविवारी मुलाला भेटू दिलं नाही, मनाई असताना जमीन विकली, असं काहीही झालं की गावात एकच बातमी पसरते: "त्याला कंटेम्प्ट लागला." प्रत्यक्षात त्यातली निम्मी प्रकरणं अवमानाची नसतातच. म्हणून पहिलं काम म्हणजे आपल्या हातातला कागद ओळखणं.

कागद ओळखा

आदेश तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा असेल आणि त्यात थकीत पोटगीबद्दल कैद सांगितली असेल, तर तो अवमान नाही, ती वसुली आहे. पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. थकलेल्या प्रत्येक महिन्याच्या रकमेपोटी एक महिन्यापर्यंत किंवा पैसे भरेपर्यंत, यांतलं जे आधी होईल तेवढी कैद. याविरुद्ध सत्र न्यायालयात फेरतपासणी अर्ज करायचा, मुदत ९० दिवस. तुरुंगात जाऊन आलं म्हणजे थकबाकी फिटली, या समजुतीवर मात्र विसंबू नका. कैद हा वसुलीचा मार्ग आहे, ती भोगल्याने देणं बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने कुलदीप कौर प्रकरणात स्पष्ट केलेलं आहे. "महिनाभर बसून येतो, मग मोकळा" असं म्हणणारे बाहेर येतात तेव्हा आकडा तितकाच उभा असतो.

आदेश दिवाणी न्यायालयाचा असेल, मूळ हुकूम तात्पुरत्या मनाईचा असेल (जमीन विकू नये, घरातून काढू नये) आणि तो मोडल्याबद्दल जप्ती किंवा तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद सांगितली असेल, तर ते दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९, नियम २अ खालचं प्रकरण. त्यावर आदेश ४३ प्रमाणे अपील आहे. तालुक्याच्या दिवाणी न्यायाधीशांचा आदेश असेल तर ते पुण्याच्या जिल्हा न्यायालयाकडे ३० दिवसांत करायचं. मुंबईला जायची गरज नाही.

दरखास्तीत निघालेलं पकड वॉरंट ही तिसरी गोष्ट. हुकूमनाम्याच्या वसुलीसाठीची ती कार्यवाही आहे, आणि तिच्यात पैसे असूनही तुम्ही देत नाही हे समोरच्याला दाखवावं लागतं. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही, हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५६ मध्ये लिहिलेलं आहे. सासरच्यांनी खर्चाच्या रकमेचा हुकूमनामा मिळवला आणि "आता तुला उचलतील" अशी धमकी दिली, तर ते कलम वकिलाला दाखवायला सांगा.

खरा अवमान तो चौथा. १९७१ च्या न्यायालय अवमान अधिनियमाखाली, उच्च न्यायालयाने दिलेला. कनिष्ठ न्यायालयाचा अवमान झाला तरी या कायद्याने शिक्षा देण्याचा अधिकार उच्च न्यायालयाचाच आहे, तालुक्याचं कोर्ट ती देऊ शकत नाही. पुढची कृती या चौथ्या कागदाची आहे.

नदी कोणत्या बाजूला आहे ते पाहा

इनामगाव पुणे जिल्ह्यात, घोड नदीच्या उजव्या काठाला. डेक्कन कॉलेजच्या उत्खननामुळे गावाचं नाव जगभरच्या पुरातत्त्वाच्या पुस्तकांत गेलं. कोर्टकचेरीच्या दृष्टीने मात्र या गावाची खरी अडचण नदीच आहे. पाणी ओलांडलं की श्रीगोंदा तालुका, म्हणजे अहिल्यानगर जिल्हा. या पट्ट्यात सोयरीक दोन्ही काठांवर होते, आणि २००३ पासून पत्नीला ती राहते तिथल्या न्यायालयात वैवाहिक वादाचा अर्ज करता येतो. त्यामुळे नवरा इनामगावचा आणि हुकूमनामा श्रीगोंद्याचा, असं सर्रास घडू शकतं.

याचा परिणाम वरच्या कोर्टात मोठा होतो. शिरूर, दौंड, पुणे इथल्या न्यायालयांतली प्रकरणं मुंबई उच्च न्यायालयाच्या मुंबईच्या मुख्य पीठाकडे जातात. अहिल्यानगर जिल्ह्यातली औरंगाबाद खंडपीठाकडे, म्हणजे छत्रपती संभाजीनगरला. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं तेव्हा पुण्याचंही तिकडे गेलं असा अनेकांचा समज झाला. तसं नाही. कोल्हापूरकडे सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि स्वतः कोल्हापूर गेलं, पुणे मुंबईकडेच राहिलं. तेव्हा तुमचं गाव कोणतं यापेक्षा ज्या कोर्टाचा हुकूम मोडल्याचा आरोप आहे ते कोर्ट कोणत्या काठावर आहे ते पाहा, आणि वकील त्याच शहरात शोधा.

शिक्षा सुनावली त्याच दिवशी

सर्वांत महत्त्वाची मागणी अपील दाखल होण्याआधी करायची असते. अवमान अधिनियमाच्या कलम १९(३) प्रमाणे, "मला अपील करायचं आहे" असं उच्च न्यायालयाला पटवून दिलं तर ज्या न्यायाधीशांनी शिक्षा दिली तेच ती तहकूब ठेवू शकतात, जामिनावर सोडू शकतात. हे वकिलाने तिथल्या तिथे उभं राहून मागायचं असतं. तहकुबी मागायची विसरले आणि पक्षकार थेट तुरुंगात, मग घरचे अपिलासाठी धावपळ करत आहेत, अशी वेळ येऊ देऊ नका. शिक्षेच्या तारखेला जाताना वकिलाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

दोषी ठरवणं एका तारखेला आणि शिक्षेवर ऐकणं दुसऱ्या तारखेला, असंही होतं. ही मधली तारीख सोन्यासारखी असते. या काळात थकबाकी भरली, मुलाची भेट घडवून आणली, विकलेल्या जमिनीबाबत काही तोड काढली, तर बऱ्याचदा शिक्षेची वेळच येत नाही. माफीनामा द्यायचा तोही याच काळात. माफी सशर्त आहे एवढ्याच कारणावरून ती नाकारू नये, असं कलम १२ च्या स्पष्टीकरणातच आहे, फक्त ती मनापासून हवी. एका हाताने माफी आणि दुसऱ्या हाताने मूळ हुकूमच कसा चुकीचा आहे याचा युक्तिवाद, हे न्यायाधीशांच्या लगेच लक्षात येतं.

अपील खरंच आहे का

इथे बहुतेकांची गल्लत होते. कलम १९ चं अपील हक्काचं आहे, परवानगी मागावी लागत नाही, पण ते फक्त शिक्षेच्या आदेशावर आहे. मिदनापूर पीपल्स को-ऑपरेटिव्ह बँकेच्या २००६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे टप्प्याटप्प्याने मांडलं. अवमानाची नोटीस काढली, अपील नाही. नोटीस काढायला नकार दिला, अपील नाही. कार्यवाही बंद केली किंवा निर्दोष सोडलं, अपील नाही. त्याच्या दहा वर्षं आधी, १९९६ मध्ये, महाराष्ट्र शासनाच्याच एका प्रकरणात न्यायालयाने हेच सांगितलं होतं: कार्यवाही थांबवली की समोरच्याला कलम १९ चं दार बंद.

मग ज्या बाईचा अवमान अर्ज फेटाळला गेला तिने काय करायचं? तिच्यासाठी संविधानाच्या अनुच्छेद १३६ खाली सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती अर्ज, मुदत ९० दिवस. पण इनामगावच्या लेकीला दिल्लीची वाट दाखवण्याआधी मी तिला दरखास्तीकडे परत पाठवेन. पैशाच्या वसुलीसाठी अवमान हे मुळातच भोंगळ हत्यार आहे. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २८अ ने पोटगीचा हुकूम दिवाणी हुकूमनाम्यासारखा वसूल करता येतो. नवरा नोकरदार असेल तर पोटगीच्या वसुलीत पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग सुरक्षित राहतो, उरलेल्यावर जप्ती येऊ शकते. शेतकरी असेल तर शेतावरच्या उभ्या पिकावर जप्ती घेता येते. आणि साखर कारखान्याकडून त्याला उसाचं बिल यायचं असेल, तर ते बिल त्याच्या हाती न देता कोर्टात भरावं असा हुकूम कारखान्यावर मागता येतो. या शेवटच्या वाटेने जाणारे लोक कमी आहेत. घोड-भीमेच्या या ऊसपट्ट्यात ती सगळ्यांत आधी चोखाळावी, असं माझं स्पष्ट मत आहे. उसाची नोंद कोणत्या कारखान्याकडे आहे, हे गावात कुणाला माहीत नसतं असं होत नाही.

आणखी एक वाट आहे. अवमानाची सुनावणी करताना न्यायाधीशांनी शिक्षा न देता मूळ वादावरच नवीन हुकूम केला, म्हणजे पोटगी वाढवली किंवा मुलाचा ताबाच बदलला, तर तो हुकूम कलम १९ च्या कक्षेत येत नाही. पण म्हणून हात बांधलेले नाहीत. नियमांत तशी तरतूद असेल तर त्याच उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे अंतर्गत अपील, नाहीतर अनुच्छेद १३६. अवमानाच्या न्यायाधीशाला मूळ हुकुमाच्या चौकटीबाहेर जाता येत नाही, हा मुद्दा अशा वेळी सर्वांत वजनदार ठरतो.

कुठे आणि किती दिवसांत

शिक्षा एकल न्यायाधीशांनी दिली असेल तर त्याच उच्च न्यायालयात दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाकडे, ३० दिवस. शिक्षा खंडपीठाने दिली असेल तर सर्वोच्च न्यायालयात, ६० दिवस. कौटुंबिक न्यायालयाच्या निकालांवरची अपिलं उच्च न्यायालयात खंडपीठच ऐकतं. तिथे दिलेली हमी मोडली आणि त्याच खंडपीठाने शिक्षा केली, तर पुढचा मुक्काम थेट दिल्ली.

दिवस आदेशाच्या तारखेपासून मोजायचे, पण ती तारीख सोडून. प्रमाणित नक्कल मिळायला लागलेला वेळही मुदतीतून वजा होतो. म्हणून नक्कल अर्ज आदेशाच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी टाका. अर्जाची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख आणि ती मिळाल्याची तारीख नकलेवरच शिक्क्यात लिहिलेली असते, ती नीट उमटली आहे का ते काउंटरवरून हलण्याआधी बघा. उशीर झालाच तर तो माफ करण्याचा अर्ज करता येतो, पण "वकिलाने कळवलं नाही" या एका ओळीवर विसंबू नका. दवाखान्याचे कागद, मृत्यूचा दाखला, जे असेल ते जोडा.

गावात जमवायचे कागद

वादविषय बहुतेक वेळा एकच असतो: हुकूम मोडला तो जाणूनबुजून की नाइलाजाने? दिवाणी अवमानाच्या व्याख्येतच हेतुपुरस्सरपणाची अट आहे. पैसे नव्हते असं म्हणायचं असेल तर ते तोंडी म्हणून भागत नाही.

ज्या महिन्यांची पोटगी थकली त्याच महिन्यांचे बँकेचे आणि सोसायटीचे उतारे काढा. सातबारा आणि आठ-अ काढा, पीक पाहणीच्या नोंदीसह. ऊस गेला असेल तर बिल कधी जमा झालं त्याची पावती. कर्ज असेल तर त्याचा बोजा फेरफारात चढला आहे का ते पाहा. नोकरी सुटली असेल तर कंपनीचं पत्र. शिक्रापूर-रांजणगावच्या कारखान्यांत कंत्राटी कामाला असाल तर कंत्राटदाराने पत्र दिलं नाही तरी भविष्य निर्वाह निधीचा उतारा बोलतो, कोणत्या महिन्यात भरणा थांबला ते त्यात दिसतं. मात्र हे सगळं काढण्याआधी स्वतःशी प्रामाणिक राहा. त्याच काळात नवी मोटारसायकल घेतली असेल किंवा नावावरची जमीन भावाच्या नावे केली असेल, तर तोच सातबारा तुमच्याविरुद्ध साक्ष देईल. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या नागपूरहून वर गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंनी मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र देणं सक्तीचं केलं. ते तुम्ही आधी दिलेलं असणार. नवे कागद त्याच्याशी जुळतात का, हे समोरचा वकील पहिल्यांदा पाहील.

मग मूळ कागद: घटस्फोटाचा हुकूमनामा, तडजोड पुरसीस, त्यावर झालेला आदेश, त्या दिवसाचा रोजनामा. रोजनाम्याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं, आणि नेमका तोच कामाला येतो. कारण परस्पर संमतीच्या घटस्फोटात "इतके लाख दोन हप्त्यांत देईन" हे केवळ तडजोडीत लिहिलं होतं, की कोर्टाला हमी म्हणून दिलं आणि कोर्टाने ती स्वीकारली, याचा पुरावा तिथे सापडतो. स्पष्ट हमी नसेल तर केवळ तडजोडीचा हुकूमनामा मोडला म्हणून अवमान होत नाही, असं १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. हमी दिलेली असेल तर दरखास्तीची वाट मोकळी असतानाही अवमानाची शिक्षा होऊ शकते, असं २००६ मध्ये मुंबईच्या एका हॉटेलव्यवसायी कुटुंबाच्या वादात म्हटलं. तुमचं प्रकरण या दोहोंपैकी कुठे बसतं हे रोजनामा सांगतो. तिसरी तऱ्हाही आहे: पहिल्या अर्जानंतर दुसऱ्या तारखेला संमतीच मागे घेणं. संमती मागे घेण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे, कोर्ट ती जबरदस्तीने घेऊ शकत नाही. पण तोवर कोर्टाला दिलेली हमी धाब्यावर बसवली आणि तिच्या जोरावर घेतलेले पैसे ठेवून घेतले, तर अवमान होऊ शकतो, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं आहे.

अपिलात काय लिहायचं, काय नाही

पोटगी जास्त होती, असं लिहू नका. तो मुद्दा मूळ हुकुमावरच्या अपिलाचा किंवा रक्कम कमी करण्याच्या अर्जाचा होता. अवमानाच्या अपिलात तो काढला की खंडपीठाचा सूर पहिल्याच मिनिटाला बदलतो. परिस्थिती खरंच पालटली असेल तर रक्कम बदलण्याचा अर्ज मूळ कोर्टात आजच दाखल करा आणि त्याची प्रत अपिलाला जोडा.

लिहायचं ते असं. मूळ हुकूम संदिग्ध होता का, त्याचे दोन अर्थ निघत होते का? "दर रविवारी भेट" म्हटलं, पण कुठे आणि किती वाजता ते ठरलंच नव्हतं, अशा हुकुमावर शिक्षा टिकणं अवघड. कोणत्या वर्तनाबद्दल उत्तर द्यायचं हे नोटिशीत कळलं होतं का? अवमानाचा अर्ज एका वर्षाच्या मुदतीत आला होता का (कलम २०)? शिक्षा देणारा आदेश मूळ हुकुमाच्या पुढे गेला का? आणि सर्वांत दुर्लक्षित मुद्दा: कलम १२(३). दिवाणी अवमानात दंडाने भागणार नाही आणि कैद आवश्यकच आहे असं न्यायालयाला वाटलं, तरच सहा महिन्यांपर्यंत ठेवता येतं, तेही दिवाणी तुरुंगात. दंड का पुरेसा नाही याची कारणं आदेशात नसतील तर तो धागा पकडा. खंडपीठ दोषसिद्धी तशीच ठेवून केवळ कैद काढून टाकतं, तेही अनेकदा याच धाग्यावर.

कायद्यातला कमाल दंड आहे दोन हजार रुपये. १९७१ पासून तेवढाच. योगायोग असा की १८८८ मध्ये दादाजी भिकाजींनी पत्नी रखमाबाईंवरचा नांदवण्याचा दावा सोडला तोही दोन हजारांवर. नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम मुंबईच्या उच्च न्यायालयाने मार्च १८८७ मध्ये दिला आणि रखमाबाईंनी तुरुंग पत्करते असं कळवलं. त्याआधी १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने दिलेला निकाल अपिलात फिरला होता, हे अपिलाचा इतिहास वाचणाऱ्याने लक्षात ठेवावं. पुढे १९२३ मध्ये कायदा बदलला, आणि नांदवण्याच्या हुकूमनाम्यासाठी कैद उरली नाही, फक्त मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. तुमचा हुकूमनामा त्या जातीचा असेल तर दरखास्तीत कैदेची मागणी आली की हे वर्ष वकिलाच्या कानावर घाला.

दाखल करताना

अपील मेमो, शिक्षेच्या आदेशाची प्रमाणित नक्कल, अवमान अर्ज आणि त्यावरचं तुमचं उत्तर, मूळ हुकूम, तारखांचा गोषवारा, वकीलपत्र, आणि शिक्षा तहकूब करण्याचा स्वतंत्र अर्ज. हा शेवटचा अर्ज नसेल तर अपील दाखल होऊनही पोलीस दारात येऊ शकतात. थकबाकी न भरताच अपील ऐकलं जाऊ शकतं, तसं कलम १९(२) मध्ये आहेच. तरीही जेवढी जमेल तेवढी रक्कम अपिलाआधी कोर्टात भरा आणि पावती जोडा. तहकुबी देताना खंडपीठ बहुधा काही रक्कम भरायला सांगतंच. आधीच भरलेली दिसली तर बोलणं सोपं जातं. पैसे बाईच्या हातात, साक्षीदारांसमोर, असं करू नका. बँकेतून किंवा नाझराकडे.

वकील परवडत नसेल तर विधी सेवा समितीकडे जा. स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, आणि कोठडीत असलेल्या माणसालाही, मग तो पोटगी थकवणारा नवरा का असेना. तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती असते, उच्च न्यायालयाची स्वतःची समिती आहे. तुरुंगातून अर्ज अधीक्षकांमार्फत जातो.

तारखा ई-कोर्ट्सच्या ॲपवर किंवा उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर रोज स्वतः पाहा. दौंडहून रेल्वेने मुंबईला जाऊन कळावं की बोर्डावर आपलं नावच नाही, असं नको. मात्र कोर्टाने प्रत्यक्ष हजर राहायला सांगितलं असेल तर नाव बोर्डावर असो नसो, वकिलाशी बोलल्याशिवाय घरी थांबू नका. अवमानाच्या अपिलात गैरहजेरी म्हणजे नवा अवमान.

निकालानंतर

अपील मंजूर झालं, शिक्षा कमी झाली किंवा तडजोड झाली, काहीही असो, निकालाची नक्कल घेऊन मूळ कोर्टात परत जा. तिथे दरखास्त अजून चालू असेल. जेवढी रक्कम दिली तेवढी मिळाल्याची पुरसीस समोरच्या पक्षकाराच्या सहीने दाखल करा आणि दरखास्त निकाली काढून घ्या. वॉरंट आधीच सुटलेलं असेल तर ते परत घेतल्याचा आदेश मागा आणि त्याची एक प्रत शिरूर किंवा दौंडच्या पोलीस ठाण्यात, जिथे वॉरंट गेलं होतं तिथे, पोच घेऊन द्या. उच्च न्यायालयाचा निकाल आपोआप पोलीस ठाण्यात पोहोचत नाही.